मॉन्ट्रियल कॅनेडियन्सची खेळाडू-यादी कशी वाचावी: वय, करार आणि होतकरू खेळाडूंचा हिशेब

आइस हॉकीच्या एखाद्या व्यावसायिक संघाची यादी हाती आली की क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या माणसाची नजर सवयीने गोल आणि गुणांच्या (म्हणजे गोल अधिक साहाय्ये) रकान्यांकडे जाते. नॅशनल हॉकी लीगमधल्या, म्हणजे एनएचएलमधल्या संघाबाबत मात्र पुढच्या चार-पाच वर्षांचा अंदाज ज्या नोंदींवरून बांधता येतो, त्या नोंदी शेजारच्या रकान्यांत असतात. जन्मवर्ष, करार संपण्याचे वर्ष, वेव्हर्समधून (खाली पाठवायच्या खेळाडूला आधी इतर संघांसमोर ठेवण्याच्या नियमातून) मिळणारी सूट आणि आतापर्यंत खेळलेले सामने, या चार गोष्टी प्रत्येक नावापुढे लिहून काढल्या की संघाच्या व्यवस्थापनाने काय ठरवले आहे आणि पुढे त्याची अडचण कुठे होणार आहे, हे जाहीर मुलाखतींची वाट न पाहता कळू लागते.

उदाहरण म्हणून मी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा संघ घेतला आहे. मी मॉन्ट्रियलशेजारच्या लावाल शहरात राहतो आणि हा संघ मी हंगामामागून हंगाम जवळून पाहत आलो आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की १९०९ साली स्थापन झालेल्या आणि २४ वेळा स्टॅनले कप हा विजेतेपदाचा चषक जिंकलेल्या या संघाने १९९३ नंतर तो चषक उचललेला नाही, आणि २०२१ च्या अंतिम फेरीत टँपा बेकडून हरल्यानंतर व्यवस्थापनातल्या जेफ गॉर्टन आणि केंट ह्यूज या जोडीने संघाची जी फेरबांधणी केली, तिच्यात या लेखातला जवळजवळ प्रत्येक नियम प्रत्यक्ष वापरलेला दिसतो. इथले नियम आणि आकडे २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचे आहेत. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातला नवा करार सप्टेंबर २०२६ पासून लागू होत असल्याने त्यापुढचे काही तपशील बदलतील.

पहिली पायरी: यादीतील जागांची मांडणी समजून घेणे

सामन्यासाठी २० खेळाडू तयार असतात. त्यांत १८ मैदानी खेळाडू आणि २ गोलरक्षक असतात, आणि १८ ची विभागणी बहुधा १२ आघाडीपटू आणि ६ बचावपटू अशी होते. आघाडीपटू तिघातिघांच्या चार लाइनमध्ये उतरतात, प्रत्येक लाइनमध्ये मधला सेंटर आणि दोन बाजूंचे विंगर असतात. बचावपटू जोडीने खेळतात. हंगामात व्यापाराची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीची, अंतिम मुदत येईपर्यंत मुख्य यादीत जास्तीत जास्त २३ नावे ठेवता येतात, म्हणजे राखीव जागा अवघ्या तीन. संपूर्ण संस्थेचे मिळून ५० हून अधिक करार असू शकत नाहीत. मुख्य संघाबाहेरच्या खेळाडूंपैकी बहुतेक जण अमेरिकन हॉकी लीगमधल्या, म्हणजे एएचएलमधल्या लावाल रॉकेट या संलग्न संघात असतात.

वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये ही मांडणी करताना नुसती नावे एकाखाली एक लिहू नयेत. आघाडीसाठी डावा विंग, सेंटर आणि उजवा विंग असे तीन स्तंभ करावेत, बचावासाठी डावा आणि उजवा असे दोन करावेत, आणि प्रत्येक बचावपटू कोणत्या हाताने स्टिक धरतो हेही लिहावे. ही शेवटची नोंद क्षुल्लक वाटते, पण मॉन्ट्रियलच्या बाबतीत कितीतरी गोष्टींचा उलगडा तिच्यातूनच होतो. लेन हटसन, केडन गूली, माइक मॅथेसन, आर्बर जॅकाय आणि जेडन स्ट्रबल हे सगळे डाव्या हाताने स्टिक धरणारे. त्यामुळे डावा स्तंभ भरून वाहत होता आणि उजव्या स्तंभात अलेक्झांडर कॅरियरच्या वर कोण, हा प्रश्न होता. जून २०२५ मध्ये ह्यूज यांनी ड्राफ्टच्या, म्हणजे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडूंवर हक्क मिळवतात त्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीतल्या १६ व्या आणि १७ व्या अशा दोन निवडी आणि एमिल हायनमन देऊन न्यूयॉर्क आयलंडर्सकडून नोआ डॉब्सनला आणले. दोन पहिल्या फेऱ्या म्हणजे मोठी किंमत, असे पुष्कळांना त्या वेळी वाटले होते. पण डॉब्सन उजव्या हाताचा, सहा फूट चार इंच उंचीचा आणि तेव्हा २५ वर्षांचा होता. पाच रकान्यांचा तक्ता समोर असता, तर ही खरेदी बचावाच्या उजव्या बाजूसाठी होणार याचा अंदाज कोणालाही आधीच आला असता. लगेच १ जुलैला लोगन मेलू हा उजव्या हाताचा तरुण बचावपटू सेंट लुईसला देऊन झॅकरी बोल्डूक हा विंगर घेतला गेला, कारण डॉब्सन आल्यावर मेलूची जागा आणखी खाली सरकली होती.

दुसरी पायरी: प्रत्येक नावापुढे कराराचे शेवटचे वर्ष लिहिणे

एनएचएलमध्ये कडक वेतनमर्यादा आहे. संघमालक आणि खेळाडू यांच्यातल्या वेतनाच्या वादामुळे २००४-०५ चा पूर्ण हंगाम रद्द झाला आणि त्यानंतर ही मर्यादा आली. आयपीएलच्या लिलावात संघाकडे ठरावीक रक्कम असते तसाच हा प्रकार, मात्र इथे करार आठ-आठ वर्षांचे असतात आणि दर तीन वर्षांनी पाटी पुसून नव्याने लिलाव होत नाही. एकदा केलेली चूक दीर्घकाळ सोबत राहते, आणि एकदा साधलेला सौदाही. मर्यादेत कराराची वर्षागणिक सरासरी रक्कम मोजली जाते, त्या वर्षी हातात पडणारा पगार नव्हे.

मर्यादा २०२२-२३ मध्ये ८ कोटी २५ लाख डॉलर होती, २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख झाली आणि २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाखांचा आकडा आधीच जाहीर केला गेला. म्हणून करारातली रक्कम नुसती पाहून स्वस्त-महाग ठरवू नये, मर्यादेतला तिचा वाटा काढावा. कर्णधार निक सुझुकीचा करार वर्षाला ७८ लाख ७५ हजार डॉलरचा आहे. करार लागू झाला तेव्हा तो मर्यादेच्या साधारण साडेनऊ टक्के होता, २०२६-२७ च्या मर्यादेत तो साडेसात टक्क्यांच्या आसपास येतो. २०२४-२५ मध्ये ८९ गुण मिळवणाऱ्या पहिल्या क्रमांकाच्या सेंटरसाठी हा वाटा फार थोडा आहे.

आता त्याच्या शेजारी बाकीचे मुख्य करार मांडावेत. सुझुकीचा २०३० पर्यंत, कोल कॉफील्डचा ७८ लाख ५० हजारांचा करार २०३१ पर्यंत, गूलीचा ५५ लाख ५० हजारांचा २०३१ पर्यंत, युराय स्लाफकोव्स्कीचा ७६ लाखांचा २०३३ पर्यंत, डॉब्सनचा ९५ लाखांचा २०३३ पर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हटसनने सही केलेला ८८ लाख ५० हजारांचा करार २०३४ पर्यंत. या सहा जणांची बेरीज ४ कोटी ७२ लाख २५ हजार डॉलर होते, म्हणजे २०२६-२७ च्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. आणि सहांपैकी वयाने सर्वांत मोठा सुझुकी १९९९ चा आहे. माझ्या मते मॉन्ट्रियलच्या फेरबांधणीचे सर्वांत चांगले काम ड्राफ्टच्या मंचापेक्षा या करारांच्या सह्यांत झाले आहे. सहा तरुण खेळाडूंची उमेदीची वर्षे आधीच विकत घेतली गेली, आणि मर्यादा वर जात असताना त्यांचा भाव मात्र जागेवरच राहिला.

एक सावधगिरी इथेच सांगतो. यादीत एखादे मोठे नाव दिसते, पण तो खेळाडू कधीच मैदानावर येत नाही, असे घडू शकते. गोलरक्षक कॅरी प्राइस एप्रिल २०२२ नंतर खेळला नाही, तरी १ कोटी ५ लाख डॉलरचा त्याचा करार दीर्घ दुखापतींच्या यादीत राहून दरवर्षी हिशेबात येत होता. तो करार सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन होजेला देण्यात आला. अशा करारांना वेगळा रंग द्यावा, म्हणजे बेरीज चुकत नाही.

तिसरी पायरी: पहिल्या कराराचे घड्याळ ओळखणे

होतकरू खेळाडूचा पहिला करार, ज्याला एंट्री-लेव्हल करार म्हणतात, त्याचे वेतन ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. १८ ते २१ या वयात सही केली तर तो तीन वर्षांचा असतो. २०२२ च्या ड्राफ्टमधल्या खेळाडूंसाठी मूळ वेतनाची कमाल मर्यादा साडेनऊ लाख डॉलर होती, बोनस निराळा. दहा लाखांच्या आतला खेळाडू ७० लाखांच्या खेळाडूचे काम करू लागतो, तो काळ संघासाठी सर्वांत मोलाचा. म्हणून हे घड्याळ केव्हा सुरू झाले याकडे व्यवस्थापन डोळ्यांत तेल घालून पाहत असते, आणि आपणही पाहावे.

नियम थोडक्यात असा आहे. सही करणारा खेळाडू १८ किंवा १९ वर्षांचा असेल आणि त्या हंगामात एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळला, तर करार एक वर्ष पुढे सरकतो. वय मोजण्यासाठी १५ सप्टेंबर ही तारीख धरतात आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांसाठी अपवाद आहे, त्यामुळे जन्मवर्षाबरोबर जन्मतारीखही लिहून ठेवावी. तरुण खेळाडू नऊ सामने खेळून अचानक खाली पाठवला गेला, अशी बातमी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, तिचे कारण हेच. २०२३ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला ऑस्ट्रियाचा डेव्हिड राइनबाखर याचा करार असाच दोनदा पुढे सरकला. त्या काळात गुडघ्याच्या दुखापतीत त्याचे बरेच महिने गेले, पण स्वस्त करारातली वर्षे वाया गेली नाहीत.

याच्या उलट उदाहरण हटसनचे आहे. बॉस्टन विद्यापीठाचा हंगाम संपल्यावर एप्रिल २०२४ मध्ये त्याने सही केली तेव्हा तो २० वर्षांचा होता, म्हणून करार सरकण्याची सोय नव्हती. हंगामाच्या शेवटी तो मॉन्ट्रियलकडून दोनच सामने खेळला आणि त्या दोन सामन्यांत तीनपैकी एक वर्ष संपले. विद्यापीठात खेळणाऱ्या खेळाडूला हेच आमिष दाखवले जाते, कारण वर्ष जितके लवकर संपेल तितका मोठा करार जवळ येतो. संघ ही किंमत मोजतो ती खेळाडू हातचा जाऊ नये म्हणून.

चौथी पायरी: कोणाला खाली पाठवता येते आणि कोणाला नाही

हंगामाआधीच्या सराव शिबिरात उत्तम खेळलेला मुलगा लावालला जातो आणि साधारण खेळलेला राखीव खेळाडू मॉन्ट्रियलमध्ये राहतो, तेव्हा चाहते चिडतात. पुष्कळदा याचे उत्तर वेव्हर्समध्ये असते. ठरावीक वर्षे किंवा सामने पूर्ण झालेल्या खेळाडूला एएचएलमध्ये पाठवायचे असेल, तर आधी त्याचे नाव वेव्हर्सवर टाकावे लागते आणि पुढच्या २४ तासांत इतर ३१ संघांपैकी कोणीही त्याला करारासह उचलू शकतो. एकाहून अधिक संघांनी मागणी केली तर गुणतक्त्यात खाली असलेल्याला प्राधान्य मिळते. अठराव्या वर्षी सही केलेल्या मैदानी खेळाडूला पाच वर्षे किंवा १६० सामने, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत यातून सूट असते. सहीचे वय वाढत जाते तशी ही सूट कमी होत जाते.

मॉन्ट्रियलला या नियमाचा फायदाही झाला आहे. सॅम्युएल मोंतांबो हा क्वीबेकचाच गोलरक्षक ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडाने वेव्हर्सवर टाकला आणि मॉन्ट्रियलने त्याला काहीही न देता मिळवले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा जोडीदार केडन प्रिमो याचे नाव वेव्हर्सवर टाकून याकुब दोबेशला लावालहून वर आणले, आणि दोबेशने पहिल्याच सामन्यात, तोही विजेत्या फ्लोरिडाविरुद्ध, एकही गोल होऊ दिला नाही. दोबेशला खाली-वर करण्यात धोका नव्हता, प्रिमोला होता. तो धोका पत्करायची तयारी संघाने केव्हा दाखवली, हेच त्या बातमीतले खरे वाचण्यासारखे होते.

कॅनडाच्या तीन मोठ्या कनिष्ठ लीगमधून निवडलेल्या खेळाडूंना आणखी एक बंधन आजवर राहिले आहे. वीस वर्षांखालील असा खेळाडू एनएचएलमध्ये राहिला नाही, तर त्याला एएचएलमध्ये नव्हे, कनिष्ठ संघातच परत पाठवावे लागते. २०२२ मध्ये ३३ व्या क्रमांकावर निवडलेला ओवेन बेक याच कारणाने परत गेला आणि २०२४ मध्ये सॅगिनॉकडून मेमोरियल कप हा कनिष्ठ लीगचा चषक जिंकताना स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. राइनबाखर युरोपातल्या क्लबमधून आलेला असल्याने त्याला हे बंधन नव्हते, म्हणून तो एकोणीस वर्षांचा असतानाच लावालमध्ये दिसला. आपल्या तक्त्यात होतकरू खेळाडूच्या नावापुढे तो कुठून निवडला गेला ते अवश्य लिहावे, कारण पुढच्या वर्षी तो कुठे खेळू शकतो हे त्यावर अवलंबून असते.

पाचवी पायरी: होतकरू खेळाडूचे मोल करणे

ड्राफ्टमध्ये सात फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत ३२ निवडी असतात. निवडीचा क्रमांक हा त्या दिवसाचा अंदाज असतो, आणि वर्षभरात तो शिळा होऊ लागतो. म्हणून तक्त्यात क्रमांक लिहावा, पण पहिल्या रकान्यात नव्हे.

गुण वाचताना लीग कोणती आणि खेळाडू किती वर्षांचा, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. सतराव्या वर्षी कनिष्ठ लीगमध्ये मिळवलेले ७० गुण आणि विसाव्या वर्षी तिथेच मिळवलेले ७० गुण यांत महद्अंतर आहे. प्रौढांच्या लीगमधले थोडे गुण मुलांच्या लीगमधल्या ढीगभर गुणांपेक्षा जड असू शकतात. इव्हान देमिदोव्ह २०२४ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडला गेला तो रशियाच्या कनिष्ठ लीगमधल्या गुणांवर, आणि तिथली स्पर्धा सोपी असल्याची शंका त्या वेळी रास्तच होती. पुढच्या हंगामात तो एसकेए सेंट पीटर्सबर्गकडून केएचएल या रशियातल्या प्रौढांच्या मुख्य लीगमध्ये ६५ सामने खेळला आणि त्याने ४९ गुण मिळवले. वीस वर्षांखालील खेळाडूसाठी हा त्या लीगचा विक्रम ठरला, आणि तोही कित्येक सामन्यांत मैदानावर फारच थोडी मिनिटे मिळत असताना. गुणांच्या शेजारी खेळलेली मिनिटे लिहायची सवय मला याच हंगामाने लावली. एप्रिल २०२५ मध्ये मॉन्ट्रियलच्या पहिल्याच सामन्यात त्याने एक गोल केला आणि एकाला साहाय्य केले.

हटसनबाबतीत आकडे आधीपासून बोलत होते, पण उंचीने त्यांना झाकून टाकले होते. तो जेमतेम पाच फूट नऊ इंचांचा, आणि २०२२ मध्ये ६२ व्या क्रमांकापर्यंत थांबावे लागलेला. विद्यापीठातल्या पहिल्याच हंगामात या बचावपटूने ३९ सामन्यांत ४८ गुण मिळवले. २०२४-२५ मध्ये त्याने ६६ गुण केले, त्यांतल्या ६० साहाय्यांनी नवोदित बचावपटूच्या लॅरी मर्फीच्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर चषक गोलरक्षक केन ड्रायडननंतर प्रथमच मॉन्ट्रियलकडे आला.

त्याला पाहताना मी पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, सोडून फक्त त्याची कंबर पाहायला शिकलो. प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीच्या निळ्या रेषेवर पक मिळाला की समोरचा आघाडीपटू त्याच्यावर धावून येतो, हटसन डावा खांदा आत झुकवतो, समोरच्याचे वजन त्या पायावर जाते, आणि तेवढ्यात हटसनच्या दोन्ही टाचा एकमेकींसमोर येऊन कंबर पूर्ण उघडते आणि तो रेषेवरून आडवा, बाजूला निघून गेलेला असतो. धडक बसण्यासाठी तो तिथे उरतच नाही. लहान चणीच्या बचावपटूचे मोल करताना तो धडक सोसेल का, यापेक्षा धडक चुकवण्याचे एकाहून अधिक मार्ग त्याच्याकडे आहेत का, हे मी तेव्हापासून पाहतो. मोठ्या लीगमध्ये एक युक्ती महिनाभरात ओळखली जाते.

गोलरक्षकांचा हिशेब निराळा ठेवावा. ते उशिरा पिकतात आणि ड्राफ्टमधला त्यांचा क्रमांक फार थोडे सांगतो. दोबेश २०२० मध्ये पाचव्या फेरीत १३६ वा होता, जेकब फाउलर २०२३ मध्ये तिसऱ्या फेरीत ६९ वा. गोलरक्षकाबाबत तेवीस-चोविसाव्या वर्षाआधी पक्के मत बनवू नये, एवढेच मी सांगेन.

होतकरू खेळाडूंची यादी तयार झाली की ती पहिल्या पायरीतल्या तक्त्यावर ठेवावी. गुणवत्तेच्या क्रमवारीत दुसरा असलेला खेळाडू ज्या स्तंभात जातो तिथे आधीच दोन दीर्घ करार असतील, तर तो बहुधा दुसऱ्या संघासाठी तयार होत असतो. मॉन्ट्रियलमध्ये सुझुकीमागचा सेंटर हा बराच काळ उघडा प्रश्न राहिला. शिकागोहून आणलेल्या कर्बी डॅकला दुखापतींनी पुन्हा पुन्हा गाठले, आणि म्हणूनच २०२४ च्या पहिल्या फेरीत २१ व्या क्रमांकावर घेतलेला मिशिगन विद्यापीठाचा मायकल हेज आणि फिनलंडचा ऑलिव्हर कापानेन या दोन सेंटरचे या यादीत त्यांच्या क्रमांकापेक्षा अधिक वजन आहे.

सहावी पायरी: वर्षभर नोंदी ताज्या ठेवणे

जूनच्या अखेरीस ड्राफ्ट झाल्यावर नवी नावे लिहावीत आणि १ जुलैला संपलेले करार खोडावेत. पहिला करार संपलेल्या तरुणांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांच्यावर संघाचा हक्क मर्यादित स्वरूपात राहतो, पण दुसरा संघ लेखी देकार देऊन तो मोडू शकतो. २०२१ मध्ये कॅरोलायनाने येस्पेरी कोट्कानिएमीला एका वर्षासाठी ६१ लाख डॉलरचा असा देकार दिला, मॉन्ट्रियलने बरोबरी केली नाही आणि भरपाई म्हणून पहिल्या व तिसऱ्या फेरीतली निवड घेतली. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू तीन वर्षांत असा गेला.

सप्टेंबरच्या शिबिरात कोण कोणाबरोबर सराव करतो हे पाहावे, सराव सामन्यांतल्या गोलांना फारसे महत्त्व देऊ नये. हंगाम सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा तरी संलग्न संघाचा सामना पाहावा. लावालच्या प्लास बेलमध्ये सुमारे दहा हजार माणसे बसतात, आणि २०२४-२५ मध्ये एएचएलच्या साखळीत अव्वल आलेल्या रॉकेटच्या सामन्यांत शेवटच्या दोन मिनिटांत एका गोलाची आघाडी असताना प्रशिक्षक कोणाला बर्फावर पाठवतात, हे गुणतक्त्यात कुठेही छापले जात नाही. महाराष्ट्रात बसून पाहणाऱ्यांसाठी सोय अशी की हिवाळ्यात इथे शनिवारी संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना तिकडे रविवारी पहाटे साडेपाचला दिसतो, आणि सकाळचा दुसरा चहा होईपर्यंत संपतो.

मार्चमध्ये व्यापाराची मुदत संपते आणि २३ ची मर्यादा उठते. मग मार्च-एप्रिलमध्ये विद्यापीठांचे हंगाम एकेक करून संपू लागतात. त्या आठवड्यांत कोणत्याही तरुणाच्या सहीची बातमी आली, की करार याच हंगामापासून लागू होतो की पुढच्या, हे आधी शोधावे आणि तक्त्यातले शेवटचे वर्ष त्याप्रमाणे लिहावे.